बायबलमध्ये नसलेले बायबल : ख्रिस्ती समाजातील काही रूढ गैरसमजांची चिकित्सा

प्रस्तावना :

कोणताही ग्रंथ एकदा पूज्य ठरला की तो वाचला जाण्यापेक्षा ऐकला अधिक जातो. बायबलही याला अपवाद नाही. रविवारच्या उपासनेतील नेमलेले उतारे, पाळकांचे प्रवचन, नाताळची गाणी, देवळातील चित्रे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेले एखादे वचन आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या कथा यांतून सामान्य ख्रिस्ती माणसाच्या मनात बायबलची एक प्रतिमा घडते. ही प्रतिमा मूळ ग्रंथाशी पुष्कळ अंशी जुळते. पण सर्वांशी जुळत नाही. ग्रंथात नसलेल्या गोष्टी तिच्यात असतात, ग्रंथात असलेल्या काही गोष्टी तिच्यातून गळालेल्या असतात आणि काही गोष्टी नेमक्या उलट अर्थाने वसलेल्या असतात.

अशा गैरसमजांच्या याद्या आजवर अनेकांनी केल्या आहेत. त्या वाचताना करमणूक होते; पण त्यांतील एक उणीव ठळकपणे जाणवते. सर्व गैरसमज त्या एकाच मापाने मोजतात. एदेन बागेतील फळ सफरचंद होते असे मानणे आणि कृष्णवर्णीयांना देवानेच गुलाम ठरविले आहे असे मानणे या दोन्ही गोष्टी ग्रंथाला धरून नाहीत. तथापि त्यांची जातकुळी एक नाही. पहिल्या समजाने कोणाचे काही बिघडले नाही, दुसऱ्याने कित्येक पिढ्यांच्या गळ्यात साखळदंड अडकविले. म्हणून गैरसमजाचे मूल्यमापन करताना 'मुळात काय लिहिले आहे?' या प्रश्नाला 'या चुकीचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो?' या प्रश्नाची जोड द्यावी लागते. प्रस्तुत लेखात या दुहेरी कसोटीवर काही रूढ समजुती तपासण्याचा प्रयत्न केला आहे. श्रद्धेची खरीखोटी ठरविणे हा लेखाचा हेतू नाही. श्रद्धा ज्या ग्रंथाचा आधार सांगते तो ग्रंथ प्रत्यक्षात काय सांगतो, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

१. कथेत पडलेली भर :

नाताळात घरोघरी मांडला जाणारा गोठ्याचा देखावा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात मरीया, योसेफ आणि बाळ येशू यांच्याबरोबर मेंढपाळ असतात, बैल आणि गाढव असते आणि उंटांवरून आलेले तीन राजे असतात. हे चित्र दोन शुभवर्तमानांतील दोन स्वतंत्र कथा एकत्र करून तयार झाले आहे. लूकच्या कथेत मेंढपाळ आहेत, मागी नाहीत. मत्तयाच्या कथेत मागी आहेत, मेंढपाळ नाहीत. मत्तयाने मागी लोकांची संख्या दिलेली नाही, त्यांना राजे म्हटलेले नाही आणि त्यांची नावेही सांगितलेली नाहीत. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तीन माणसे कल्पिली गेली. स्तोत्रसंहिता आणि यशया यांतील राजांच्या उल्लेखांवरून त्यांना मुकुट मिळाले. शिवाय ते बाळाला भेटले ते घरात, असे मत्तय सांगतो (२:११). बैल आणि गाढव तर दोन्ही कथांत नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातील एका दृष्टांतातून येऊन गोठ्यात उभे राहिले. इटलीतील ग्रेच्चो येथे १२२३ मध्ये आसीसीच्या संत फ्रान्सिसने ख्रिस्तजन्माचा जिवंत देखावा उभारला आणि पुढे ही प्रथा जगभर पसरली.

एदेन बागेतील फळाची कथाही अशीच आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फळाचे नाव नाही. झाडाची म्हणून जी पाने नावाने येतात ती अंजिराची. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर अंजिराचेच झाड रंगविले; पण ड्यूररच्या १५०४ मधील प्रसिद्ध कोरीव चित्रात सफरचंद आहे आणि युरोपीय कलेत पुढे तेच रूढ झाले. लॅटिनमध्ये 'मालुम' या शब्दाचे 'वाईट' आणि 'सफरचंद' असे दोन अर्थ होतात, त्या श्लेषातून हा समज निर्माण झाला, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. परंतु जेरोमच्या लॅटिन अनुवादात त्या फळासाठी 'फळ' या सामान्य अर्थाचाच शब्द आहे. अझ्झान यादिन-इस्राएल या अभ्यासकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात श्लेषाचे हे स्पष्टीकरण नाकारले असून, कोणत्याही फळाला लावला जाणारा जुना फ्रेंच शब्द पुढे केवळ सफरचंदापुरता संकोचला, हे त्याचे कारण असल्याचे दाखविले आहे. गैरसमजाचे निरसन करणारे स्पष्टीकरणही कधी कधी तपासून घ्यावे लागते, हा यातून मिळणारा धडा महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे पुन्हा करावा लागेल.

या प्रकारच्या भरीला दोष देण्याचे कारण नाही. कथा सांगणारा माणूस कथेतील रिकाम्या जागा भरतच असतो. मराठी ख्रिस्ती परंपरेचा आरंभ याची साक्ष देतो. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांच्या पुढाकाराने नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये छापले गेले. परंतु त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले होते. म्हणजे मराठी माणसाच्या हाती बायबलची कथा आधी पुराणाच्या ओवीबद्ध रूपात आली आणि भाषांतर नंतर आले. पुराण हा प्रकारच मुळी मूळ कथेचा विस्तार करून ती श्रोत्यांच्या मनात रुजविणारा आहे. नाताळच्या देखाव्याकडेही याच दृष्टीने पाहावे. तीन राजांमुळे कोणाचा अपमान होत नाही, कोणाचा हक्क बुडत नाही. येथे वाचकाने एवढेच ध्यानात ठेवावे की, आपण पुराण पाहत आहोत, मूळ संहिता नव्हे.

२. भाषांतराने घातलेले वळण :

दुसरा प्रकार शब्दांचा आहे. मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द अन्य भाषेत आणताना त्या भाषेतील शब्दाचे जुने संस्कारही सोबत येतात. लूकच्या जन्मकथेत मराठी वाचकाच्या परिचयाचा शब्द 'उतारशाळा' हा आहे. त्यावरून निष्ठुर खानावळवाल्याने गर्भवती मरीयेला दारातून परत पाठविल्याचा प्रसंग नाताळच्या नाटकांत हमखास रंगविला जातो. मूळ ग्रीक शब्द 'कतालुमा' असा आहे. हाच शब्द लूकने येशूच्या अखेरच्या भोजनाच्या प्रसंगी घरातील पाहुण्यांच्या खोलीसाठी वापरला आहे (२२:११). याउलट, चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात पैसे देऊन उतरण्याची जागा येते तेव्हा तो 'पांदोखेइओन' हा निराळा शब्द योजतो (१०:३४). त्यामुळे जन्मकथेत आप्तांच्या घरातील पाहुण्यांची खोली भरलेली होती आणि बाळाला घरातल्याच गव्हाणीत ठेवले, असा अर्थ अनेक अभ्यासक अधिक संभाव्य मानतात. खानावळवाला तर संहितेत नाहीच.

याहून दूरगामी परिणाम 'आत्मा' या शब्दाने घडविला आहे. बायबलच्या मते देह हा तुरुंग असून अमर आत्मा मृत्यूनंतर त्यातून सुटून स्वर्गात जातो, असे बहुसंख्य ख्रिस्ती लोक मानतात. पाश्चात्त्य वाचकाला हा संस्कार प्लेटोकडून लाभला. मराठी वाचकाला त्यात गीता आणि वेदान्त यांची भर मिळाली. परंतु उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या मनुष्यात श्वास फुंकतो तेव्हा मनुष्याला 'नेफेश' मिळाला असे म्हटलेले नाही. मनुष्य स्वतःच जिवंत 'नेफेश' झाला असे म्हटले आहे. पहिल्या अध्यायात हाच शब्द जलचर आणि पशू यांनाही लावला आहे. म्हणजे तो संपूर्ण सजीव प्राण्याचा वाचक आहे, देहात दडलेल्या एखाद्या अविनाशी तत्त्वाचा नव्हे. नव्या करारातही आशेचा केंद्रबिंदू देहाचे पुनरुत्थान हा आहे. करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पौलाने त्यासाठीच खर्ची घातला आहे आणि प्रेषितांच्या मतांगीकारातही ख्रिस्ती माणूस देहाच्या पुनरुत्थानावरील विश्वास दर रविवारी उच्चारतो. ऑस्कर कुलमन यांनी १९५५ मधील आपल्या व्याख्यानात हा भेद स्पष्टपणे मांडला, तेव्हा श्रद्धावंतांकडूनच त्यांना तीव्र विरोध झाला. मृत्यूनंतर लगेच ख्रिस्ताच्या सान्निध्यात असण्याची भाषाही नव्या करारात आहे, हे नाकारता येणार नाही. मात्र ती अंतिम आशेची जागा घेत नाही.

हा वाद केवळ पंडितांचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. देह हा टाकून देण्याचा अंगरखा मानला की भूक, आजार, मारहाण आणि अपमान यांना धार्मिक दृष्ट्या दुय्यम स्थान मिळते. देह देवाने उभा करावयाचा आहे असे मानले की उपाशी माणसाचे पोट हाही धर्माचाच विषय ठरतो.

३. संदर्भातून तोडलेली वाक्ये :

तिसरा प्रकार सुट्या वचनांचा आहे. जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो, हे वाक्य बायबलचे आहे अशी अनेकांची खात्री असते. ते बायबलमध्ये कोठेही नाही. त्याचा आशय इसापाच्या नीतिकथेत आढळतो आणि बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगात ते वाक्य छापले होते. मराठीत 'प्रयत्नांती परमेश्वर' ही म्हण असल्यामुळे ते आपल्याकडे सहज रुळले. म्हण म्हणून ते हितकारक आहे. परंतु बायबलचे वचन म्हणून ते सांगितले जाते तेव्हा ज्याला स्वतःला मदत करता येत नाही अशा माणसासमोर देवाचे दार लावून घेतले जाते. विधवा, अनाथ आणि परका या तिघांसाठी नियमशास्त्र आणि संदेष्टे पुन्हा पुन्हा जे बोलतात त्याच्याशी हे विसंगत आहे.

पैसा हे सर्व पापांचे मूळ आहे, असेही बायबलच्या नावावर सांगितले जाते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:१०) दोष पैशाला दिलेला नसून पैशाच्या लोभाला दिलेला आहे. एक शब्द गळाल्यामुळे चारित्र्याविषयीचे विधान नाण्याविषयीचे विधान झाले.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन आज भेटकार्डांवर, परीक्षेच्या शुभेच्छांत आणि नव्या घराच्या भिंतीवर आढळते. देवाने आपल्यासाठी शुभ योजना आखल्या आहेत, असा त्याचा आशय आहे. परंतु हे वचन ज्या पत्रातील आहे ते बाबेलमध्ये हद्दपार झालेल्या समुदायाला लिहिलेले होते. त्याच्या लगतच्याच वचनात सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे सांगितले आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत ती सुटका होणार नव्हती. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व ठीक होईल असे आश्वासन देतो आणि खोटा ठरतो. तात्पर्य, झटपट भरभराटीचे आश्वासन देणाऱ्यांचे खंडन करणारा हा उतारा आज नेमका झटपट भरभराटीच्या आश्वासनासाठी वापरला जातो.

शोक करणाऱ्या माणसाला सांगितले जाणारे एक वाक्य याहून क्लेशदायक आहे. देव सोसवेल त्यापलीकडचे दुःख कोणालाही देत नाही, असे ते वाक्य. याचा आधार म्हणून करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय दाखविला जातो. तेथे विषय मूर्तिपूजेच्या आणि अनाचाराच्या मोहाचा आहे. अपत्यवियोगाचा किंवा असाध्य रोगाचा नाही. खुद्द पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी (१:८) आपल्यावर आपल्या शक्तीपलीकडचा भार पडला आणि जगण्याचीही आशा उरली नव्हती, असे मोकळेपणाने सांगतो. सांत्वन करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे खरे. परंतु हे वाक्य ऐकून जो मोडून पडतो त्याला आपल्या दुःखाबरोबर आपल्या अपुऱ्या श्रद्धेचाही भार वाहावा लागतो.

४. दुर्बळांवर पडणारा भार :

येथवर पाहिलेल्या प्रकारांतून पुढे असे गैरसमज उद्भवतात की ज्यांची किंमत इतरांना मोजावी लागते. त्यांची चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण मरीया मग्दालीया हिचे. ती वेश्या होती आणि पुढे पश्चात्तापाने पावन झाली, हा समज चित्रांनी, नाटकांनी आणि प्रवचनांनी इतका दृढ केला आहे की, तो संहितेत नाही हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. लूक तिच्याविषयी एवढेच सांगतो की, तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती येशूच्या कार्याला आपल्या द्रव्याने साहाय्य करणाऱ्या स्त्रियांपैकी होती (८:२-३). त्याआधीच्या अध्यायातील पापी स्त्री निनावी आहे. बेथानीची मरीया ही तिसरीच व्यक्ती आहे. पोप पहिला ग्रेगरी याने ५९१ मधील एका प्रवचनात या तिघींना एक मानले आणि पाश्चात्त्य चर्चने ते स्वीकारले. पौर्वात्य चर्चने मात्र त्यांना वेगळेच ठेवले. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ च्या सुधारित धार्मिक दिनदर्शिकेत हे एकीकरण सोडून दिले आणि २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. दरम्यान चौदा शतके लोटली होती. आयर्लंडमध्ये 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांना राबविणाऱ्या धुलाईगृहांना तिचेच नाव लागले; त्यांपैकी शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले आणि २०१३ मध्ये तेथील पंतप्रधानांना त्या स्त्रियांची जाहीर क्षमा मागावी लागली. योहानाच्या शुभवर्तमानानुसार पुनरुत्थानाची पहिली वार्ता शिष्यांना देण्याचे काम जिच्याकडे आले, तिची साक्षीदार म्हणून असलेली ओळख पुसली जाऊन बदनाम स्त्री म्हणून ओळख उरली, हे या गैरसमजाचे फलित होय.

दुसरे उदाहरण हामच्या शापाचे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन उघडा पडतो, हाम ते पाहतो, आणि शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो. तो शाप हामला दिलेला नाही, त्याच्या कनान या पुत्राला दिलेला आहे. शाप देणारा नोहा आहे, देव नाही. त्वचेच्या रंगाचा तर त्या कथेत उल्लेखही नाही. असे असूनही आफ्रिकी लोक हामचे वंशज, म्हणून शापित आणि म्हणून गुलाम, अशी साखळी जोडून अमेरिकेतील गुलामगिरीचे समर्थन करण्यात आले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४५ मध्ये वेगळ्या झालेल्या सदर्न बॅप्टिस्ट संघटनेने आपल्या त्या भूमिकेबद्दल क्षमायाचना केली ती १९९५ मध्ये. वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडन येथे छापलेल्या निवडक बायबलमधून मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांच्या सुटकेची कथा वगळली होती, ही बाब फार बोलकी आहे. ग्रंथ खरोखरच गुलामगिरीच्या बाजूने आहे अशी संपादकांची खात्री असती, तर तो कापण्याची गरज पडली नसती. मराठी वाचकाला या इतिहासाशी असलेला आपला धागा आठवेल. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. जन्मावरून दास्य ठरविणारी धर्मकथा कशी काम करते, हे ओळखायला त्यांना अमेरिकेत जावे लागले नाही.

तिसरे उदाहरण स्त्रीच्या स्थानाचे. विवाहविधीत आणि कौटुंबिक कलहात इफिसकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाचे बाविसावे वचन पत्नीला आवर्जून ऐकविले जाते. परंतु पपायरस ४६ आणि व्हॅटिकन हस्तलिखित या अतिप्राचीन प्रतींत त्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. अधीन असण्याचे क्रियापद आधीच्या एकविसाव्या वचनातून घ्यावे लागते आणि ते वचन सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे सांगते. पुढे पतीने पत्नीसाठी स्वतःला अर्पण करावे, ही अपेक्षाही तितक्याच ठामपणे येते. हे पत्र ज्या काळातले आहे त्या काळाच्या कुटुंबव्यवस्थेची छाया त्यावर नाही असे म्हणता येणार नाही. तथापि एकविसावे वचन गाळून बाविसावे वाचणे हा प्रामाणिक वाचनाचा प्रकार नव्हे. तसेच उत्पत्तीत स्त्रीसाठी 'एझेर' म्हणजे साहाय्य करणारी हा शब्द येतो, म्हणून ती दुय्यम, असा युक्तिवाद केला जातो. जुन्या करारात हाच शब्द अनेक ठिकाणी खुद्द देवासाठी वापरला आहे. उदाहरणार्थ, अनुवाद ३३:७ आणि स्तोत्र ३३:२०. पंडिता रमाबाई यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. मूळ भाषेपर्यंत स्वतः पोहोचण्याची गरज एका स्त्रीला इतकी का वाटली असावी, याचे उत्तर वरील उदाहरणांत शोधता येते.

चौथे उदाहरण आजाराचे. आजार, वंध्यत्व किंवा अपंगत्व हे पापाचे फळ आहे आणि बरे न होणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, अशी शिकवण अनेक प्रार्थनासभांतून दिली जाते. प्रारब्ध आणि पूर्वकर्म यांची भाषा ज्या समाजाच्या अंगवळणी पडली आहे तेथे ही शिकवण सहज पटते. परंतु जन्मांध माणसाविषयी शिष्य हाच प्रश्न विचारतात तेव्हा येशू त्या माणसाचे पाप आणि त्याच्या आईवडिलांचे पाप ही दोन्ही कारणे नाकारतो (योहान ९:१-३). शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते, ही कल्पनाही तो झिडकारतो (लूक १३:४-५). ईयोबाचे मित्र पानोपानी हीच शिकवण देतात आणि ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो त्यांच्यावर, ईयोबावर नव्हे.

५. सोयीचा अर्थ आणि एकसुराचा भ्रम :

वरील चार उदाहरणांत चुकीच्या वाचनाने दुर्बळांचे ओझे वाढविले. याची दुसरी बाजूही आहे. काही चुकीची वाचने सबळांचे ओझे हलके करतात. धनवानाला देवाच्या राज्यात प्रवेश मिळण्यापेक्षा उंटाला सुईच्या नाकातून जाणे सोपे, या आशयाचे येशूचे उद्गार मार्कच्या दहाव्या अध्यायात आहेत. त्यावर, 'सुईचे नाक' हे यरुशलेमेतील एका बुटक्या दरवाजाचे नाव होते आणि उंट ओझे उतरवून, गुडघे टेकून त्यातून जाऊ शकत असे, असे स्पष्टीकरण मोठ्या अभ्यासूपणाचा आव आणून दिले जाते. त्या काळी असा दरवाजा असल्याचा कोणताही पुरावा नाही. ही माहिती कित्येक शतकांनंतरच्या टीकाकारांकडून आलेली आहे. शिवाय हे उद्गार ऐकून शिष्य थक्क झाले, असे लगेच पुढे म्हटले आहे. गुडघे टेकून जाता येत असते तर थक्क होण्याचे कारण नव्हते. सफरचंदाच्या प्रकरणातील धडा येथे पुन्हा आठवावा. 'मूळ संदर्भ असा आहे' अशी प्रस्तावना करून सांगितलेली प्रत्येक गोष्ट मूळ संदर्भ असतेच असे नाही. ऐतिहासिक माहितीच्या वेषातही दंतकथा वावरते, आणि ती ज्याला सोयीची आहे तो तिचा पुरावा मागत नाही.

या सर्वांच्या बुडाशी एक मोठा गैरसमज आहे. 'बायबल अमुक शिकविते' असे आपण म्हणतो तेव्हा बायबल हे एकाच आवाजात बोलणारे एकच पुस्तक आहे असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत सहासष्ट आणि कॅथलिक परंपरेत त्र्याहत्तर पुस्तकांचा. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायातील चौथे वचन मूर्खाला त्याच्या मूर्खपणानुसार उत्तर देऊ नये असे सांगते आणि पाचवे वचन द्यावे असे सांगते. संकलकाने ती दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, कारण कोणत्या प्रसंगी कोणते लागू करावे हे ठरविण्याची जबाबदारी त्याने वाचकावर सोपविली. अनुवादाच्या पुस्तकात आज्ञापालनाला आशीर्वाद आणि अवज्ञेला शाप असा स्पष्ट हिशेब मांडला आहे. ईयोबाचे पुस्तक त्याच हिशेबावर प्रश्नचिन्ह उभे करते. ग्रंथाच्या पोटात चाललेला हा संवाद ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या हाती सुटे वचन दगडासारखे येते.

येथे एका आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. ख्रिस्ती धर्म केवळ ग्रंथावर उभा नाही, परंपरेलाही प्रामाण्य आहे, मग संहितेत नाही म्हणून एखादी समजूत गैर का मानावी, असे विचारले जाईल. कॅथलिक भूमिकेत या आक्षेपाला निश्चित वजन आहे आणि केवळ संहितेला प्रमाण मानणारे प्रॉटेस्टंट पंथही व्यवहारात परंपरेवाचून वाचू शकत नाहीत. प्रस्तुत लेखाचा रोख परंपरेवर नाही. परंपरेने आपले म्हणणे आपल्या नावावर सांगावे, एवढेच अपेक्षित आहे. जे ग्रेगरीचे आहे ते ग्रेगरीच्या नावे नोंदवावे; ते लूकच्या नावे खपवू नये. म्हणणे कोणाचे आहे हे कळले तरच त्याला प्रश्न विचारता येतो आणि चूक झाली असल्यास ती दुरुस्त करता येते. मग्दालीयेच्या बाबतीत दुरुस्ती शक्य झाली ती परंपरेने स्वतःचा शब्द आणि संहितेचा शब्द यांत भेद केला म्हणूनच.

समारोप :

उपरोक्त विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. बायबलविषयीचे गैरसमज केवळ अज्ञानातून निर्माण होत नाहीत. कथेचा विस्तार, भाषांतराचे संस्कार, संदर्भाचा लोप आणि हितसंबंधांची सोय अशी त्यांची निरनिराळी कारणे आहेत. त्यामुळे त्यांवरील उपायही एकच असू शकत नाही. कथेतील भर ओळखून तिचा आनंद घ्यावा. भाषांतरातील वळण समजून घेण्यासाठी दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवावीत. मराठी वाचकाला आज ती उपलब्ध आहेत. सुटे वचन ऐकले की त्याच्या मागचीपुढची दहा वचने वाचावीत. आणि जेव्हा एखादे वचन आजारी माणसाला दोषी ठरविण्यासाठी, स्त्रीला गप्प करण्यासाठी किंवा जन्मावरून कोणाला हीन ठरविण्यासाठी पुढे केले जाते, तेव्हा ते सर्वाधिक काटेकोरपणे तपासावे. पुरावा मागण्याची कडक शिस्त जेथे भार दुर्बळावर पडतो तेथे अधिक लागते.

तपासूनही काही वचने कठोरच निघतील. गुलामांना आज्ञाधारक राहण्यास सांगणारी वचने नव्या करारात आहेतच आणि ती गैरसमज म्हणून बाजूला सारता येत नाहीत. त्यांना सामोरे जाण्यासाठी निराळ्या, अधिक खडतर विचाराची गरज आहे. मात्र जे ओझे ग्रंथाने मुळात घातलेलेच नाही ते तरी त्याच्या नावाने माणसांच्या पाठीवर लादले जाऊ नये, एवढी जबाबदारी प्रत्येक वाचकावर आणि विशेषतः व्यासपीठावरून बोलणाऱ्यावर निश्चितपणे येते.